अंगाचं उसनं

‘मातीचं घेतलं, मातीला देऊ बाई,
अंगाचं उसनं कुनी ठेवीत न्हाई.’

हा आवाज ललितानं वीस वर्षांपूर्वी ऐकला होता. राहू गावच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीत, बाजेखाली शेगडी धुमसत असताना. भिंतीपलीकडे परसात कुदळीचा घाव पडायचा, मग एक ओळ यायची, मग पुन्हा घाव. सासू नातीची वार पुरत होती. गळा घोगरा, सूर फाटका. पण ललिताला तेव्हा वाटलं होतं, आपल्यातून जे निघून गेलं ते कुणीतरी जपून कुठंतरी ठेवतंय, आता झोपायला हरकत नाही. आणि ती झोपली होती. त्या झोपेचाही आज तिला राग येत होता. कारण तोच सूर, शब्द गाळून, नुसता घशातल्या घशात, शिरूरच्या दवाखान्यातल्या बाकावर तिच्या शेजारी घुमत होता, आणि आत टेबलावर सारिका होती, ती वार जिची होती ती सारिका, आणि तिच्या छातीतली गाठ निघत होती. “आत्याबाई, गप बसा जरा,” ललिता म्हणाली. म्हातारी गप बसली. ओठ मात्र हलत राहिले, रवंथ करणाऱ्या जनावरासारखे. आत जाण्याआधी डॉक्टर म्हणाले होते, या वयात असतात अशा गाठी, बहुतेक साधीच असेल, पण तुम्हाला झालेलं आहे ना, म्हणून तपासून घेऊ. बाटली आजच पुण्याच्या लॅबला पोचती करा. बहुतेक. हा शब्द ललिताला पाठ होता. हा शब्द माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि दुसऱ्या हातानं दार लावून घेतो.

दार उघडून हौसराव कंपाउंडर बाहेर आला. त्याच्या हातात झाकणाची बाटली, बाटलीत पाण्यासारखं औषध, औषधात आवळ्याएवढा पांढुरका गोळा. ललितानं हात पुढं केला. पण हौसराव तिचा हात ओलांडून सासूकडं वाकला, आणि सासूनं, जणू तिला हे आधीच ठाऊक होतं, दोन्ही हातांनी पदर पसरला होता. ओटी घ्यायला पसरतात तसा.

“घ्या आजी,” हौसराव हसत म्हणाला. “आज तरी बाटलीच्या पाया पडू नगा म्हंजी झालं! वहिनी, तुमच्या टायमाला आजींनी बाटली पदरात घेतली आन् डोकं टेकवलं की वो तिच्यापुढं. सगळा स्टाफ हसला. अजून याद काढतो आम्ही.”

“माझी बाटली यांच्याकडं दिली होती?”

“मंग कुणाकडं? रोहिदासभाऊ डूटीवर. आजीच व्हत्या की तुमच्यापाशी.”

ललितानं बाटली हिसकावली. हिसकावताना तिचं नख म्हातारीच्या पदरात अडकलं, जुनं लुगडं टरकलं, आणि तो टर्र आवाज तिला बरा वाटला. दारात तिचा नवरा रोहिदास उभा होता, रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळ्यांखाली कारखान्याची काजळी. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता, कॅलेंडरवर गुटगुटीत बाळ होतं.

“रिपोर्ट चांगला आला, असं तुम्ही मला सांगितलं होतं.”

“व्हय.”

“वाचला होतात?”

तो बाळाकडंच बघत राहिला. “आई म्हणली, चांगला हाय. मी म्हणलं, बरं.”

“आणि हरवला, घर बदलताना हरवला, ते?”

“आता तू रोज विचारायलीस म्हणल्यावर काय सांगू?” मग जरा आवाज चढवून, “पोरगी आत हाय, हितं तमाशा नगो.”

पोरगी आत होती, ग्लानीत, आणि तिच्यापाशी बाप बसणार होता. बापाला बसता तरी येतं. ललितानं बाटली रुमालात गुंडाळली, पिशवीत टाकली, पिशवी छातीशी धरली, आणि ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. आज मी नेणार. मी. कुणाच्या हाती देणार नाही. मागं म्हातारीच्या वहाणा फटफटत आल्या. “तुम्ही सारिकापाशी थांबा,” ललिता मागं न बघता म्हणाली. वहाणा थांबल्या नाहीत. “परत फिरा म्हणते ना!” वहाणा जरा हळू झाल्या, एवढंच. लहानपणी एक मांजर असंच मागं यायचं. दगड मारला की बसायचं आणि पाठ फिरवली की यायचं. शिरूरचा बाजार नेहमीसारखा अंगावर येत होता. कांद्याची पोती, टेम्पोचा धूर, आणि बायका. ललिता ब्लाउज शिवायची, त्यामुळं बाई दिसली की आधी तिचं माप दिसायचं, मग तोंड. ही छत्तीस, ही चौतीस, हिला कटोरी शोभणार नाही, हिच्या टक्स चुकल्यात. पूर्वी त्या मापांत एक माया असायची. टेप गुंडाळताना बायका श्वास धरायच्या, हसायच्या, “ललिताताई, सैल ठेव हां जरा, पाजतेय अजून.” गेल्या वर्षापासून मात्र ती टेप लावताना दातावर दात ठेवायची. समोरची बाई दोन्हीकडून भरलेली, आणि आपल्या उजव्या कटोरीत कापूस. तिला वाटायचं, टेप थोडा आवळावा. एकदा आवळलाही होता. “अगं, दुखतंय,” बाई म्हणाली होती. “चुकून झालं,” ललिता म्हणाली होती, आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं.

पुण्याची गाडी लागलेलीच होती. ललिता खिडकीशी बसली. म्हातारी शेजारी येऊन टेकली, अंग चोरून, आणि मांडीवर तिनं केळीच्या पानात बांधलेला पुडा ठेवला. ललिताला तो पुडा न उघडताही दिसला. शेवंती. पांढऱ्या शेवंतीची वेणी, आणि मधोमध एक पिवळं फूल. दरसाल थंडी पडली की म्हातारी राहूहून हे घेऊन यायची. आधीच्या वर्षांत ललिता वेणी माळायची, बरी दिसायची, शेजारणी विचारायच्या कुठली गं. पण गेल्या वर्षी लाल औषधाच्या बाटल्या चढल्यावर डोक्यावर एक केस राहिला नव्हता, भुवया गेल्या, पापण्या गेल्या, आरशात सोललेलं काहीतरी बघत बसायचं, तेव्हाही ही पुडा घेऊन आली होती. केस नाहीत आणि वेणी! हातात धरून नुसती उभी. मग तिनं ती आरशाच्या खिळ्याला अडकवली होती, आरशात जिथं ललिताचं डोकं यायचं बरोबर तिथं. ललितानं त्या दुपारी ती वेणी ओढून चिंध्यांच्या पोत्यात टाकली. ही टोचणी आहे, हे तिला पक्कं कळलं होतं. सासू टोचून बोलते हे सगळ्यांच्या कानांना कळतं. पण न बोलता फुलानं टोचणारी सासू, ती कुणाला दाखवायची? आता डोक्यावर दोन बोटं केस आले होते, राठ, भलतेच कुरळे, दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे. पदराखाली ते घामानं चिकटले.

गाडी सुटली. घोडनदी मागं राहिली. बाटली मांडीवर होती, गाडीच्या हिसक्याबरोबर आत ते हळूच एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात असणार, हे ललिताला रुमालातून कळत होतं. तिच्या पोटात सारिका अशीच कूस बदलायची. तिनं पिशवी घट्ट धरली. विचारायचं नाही, तिनं ठरवलं. विचारलं की म्हातारी रडेल, आणि रडली की आपल्यालाच तिला पाणी द्यावं लागेल. पाच वर्षांपूर्वीची ती गाठ. भुईमुगाच्या शेंगेएवढी. टाके पडले, टाके निघाले, रोहिदास म्हणाला रिपोर्ट चांगला आला, आणि तिनं त्या रात्री पुरणपोळ्या केल्या होत्या. ती चांगली बातमी तिनं चार वर्षं अंगावर घालून मिरवली. मग त्याच जागी, व्रणाच्या अगदी खाली, पुन्हा एक दाणा हाताला लागला, तर ती म्हणाली, हे टाक्याचं असेल, रिपोर्ट चांगला आलाय ना. दाण्याची सुपारी झाली. सुपारीचा दगड झाला. रिपोर्ट चांगला आलाय ना.

पुण्यातली ती चष्म्याची तरुण डॉक्टरीण. तिचा ललिताला राग यायला हवा होता, कारण तिनंच सगळं सांगितलं, पण तिची बोटं सुईदोऱ्याच्या बाईसारखी होती, बारीक आणि सावध, त्यामुळं राग धरवला नाही. गेल्या वर्षीच्या ऑपरेशननंतर तिनं कागदावर एक फांद्याफांद्यांचं झाड काढलं होतं. “या दुधाच्या नळ्या. ही त्यांची भिंत. पेशी आधी नळीच्या आतच बिघडतात. पेशीच्या पोटात एक लिखाण असतं, आईबापाकडून आलेलं. एका पेशीच्या दोन होताना ते उतरवून घेतलं जातं, आणि उतरवताना कुठंतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका दुरुस्त होतात. एखादी राहते, मग तिच्यावर दुसरी, तिसरी. पण भिंत शाबूत आहे तोवर त्या आतच गर्दी करतात, बाहेर जात नाहीत. काही बायकांच्यात जन्मभर तशाच राहतात. काहींच्यात बदल वाढत जातात आणि भिंत फुटते. तुमची फुटलेली आहे. कुठल्या बदलानं फुटते, हेच आम्ही शोधतोय. तुमची पहिली गाठ त्याच जागची होती ना? लॅबवाले तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. तो आणा. आधीचं आणि नंतरचं, एकाच बाईचं, शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.” ललितानं विचारलं, “तेव्हा आतच असतं तर?” डॉक्टरीण जरा थांबली. “तर कदाचित तिथंच संपलं असतं. बहुतेक.” आणि तिनं पेनाचं टोपण लावलं.

ललिताला अक्षरांचं काही कळलं नाही, पण उतरवून घेण्याचं कळलं. नवीन शिकत होती तेव्हा ब्लाउजचा मूळ कागद तिच्याकडून हरवला होता. मग तिनं शिवलेल्या ब्लाउजवरून दुसरा कागद कापला, त्या ब्लाउजवरून तिसरा. दरवेळी कात्री दोऱ्याएवढी सरकायची. डोळ्यांना दिसायची नाही. पुढं एक दिवस बाहीचा मुंढा असा बसला की बाईला हात वर करता येईना. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कात्री दरवेळी प्रामाणिकच होती, आधीच्या चुकीला प्रामाणिक. तिला वाटलं, माझ्या अंगात कुणी अडाणी शिंपीण बसली आहे, दिवा लावून, कापतेच आहे कापतेच आहे. आणि शिवण कुठं उसवली, हे तो पहिला कागद मिळाल्याशिवाय कळणार नाही. तो पहिला कागद. तो मेणाचा ठोकळा. कितीतरी महिने ती त्या ठोकळ्याला मनात धरून होती. कुठंतरी पुण्यात, एखाद्या कपाटात, आपला एक तुकडा मेणात झोपला आहे, आणि त्याला माहीत आहे की आपली चार वर्षं आपली होती, की आपल्याकडून कुणी काढून घेतली. रोहिदासला विचारलं, कुठली लॅब? नाव ध्यानात न्हाई. रिपोर्ट? घर बदललं तवा गेला असंल. वर्षभर ती त्याच्या ताटात भाकरी टाकताना जरा उंचावरून टाकत होती. वर्षभर त्याच्याकडं पाठ करून झोपली. आणि तो मुका, निबर, चुकीच्या जागी मार खाणारा बैल. चुकीच्या जागी! म्हणजे वर्षभराचा सगळा राग फुकट गेला, भलत्या माणसावर खर्च झाला, आणि आता ज्या माणसासाठी हवा होता ते माणूस शेजारी बसलंय तर हाताशी राग ताजा नाही, शिळा आहे, आंबलेला आहे. त्याचाही राग आला.

उजवीकडं खाज सुटली. जिथं काही नाही तिथं. हात गेला तर कापूस लागला. डॉक्टरीण म्हणाली होती, होतं असं, मेंदूला अजून वाटतं की आहे. म्हातारीनं तिचा हात जाताना पाहिला आणि नजर खाली घातली. तिला माहीत होतं. त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सासरे सोपानराव, देवमाणूस, त्यांची उजव्या हाताची करंगळी गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती, ललिता लग्न होऊन येण्याआधी. चिपाडात शोधली, रसात शोधली, मिळाली नाही. त्या दिवसाच्या गुळाचं काय झालं, हे घरात कुणी बोलत नसे. पण ती नसलेली करंगळी मरेपर्यंत ठणकत राहिली. रात्री उठून बसायचे, डाव्या हातानं हवा चोळायचे. “मातीला दिली न्हाई ना,” सासू म्हणायची, “म्हून हाका मारती.” आणि ललिता, शिरूरला दहावी झालेली, मनातल्या मनात हसायची. गेल्या वर्षी दवाखान्याच्या पांढऱ्या गादीवर तिला ते आठवलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. आपलं ते कुठं नेलं असेल, बादलीत, कसल्या बादलीत, पुढं कुठं, असं ती छताला विचारत राहिली होती.

रांजणगाव मागं पडलं, कारखान्यांची फाटकं, पाळी सुटल्याची गर्दी, टोप्या. म्हातारीनं पुडा थोडा उघडला, फुलांवर जवळच्या प्यायच्या पाण्याचे चार थेंब शिंपडले, पुन्हा बांधला. वास आला. शेवंतीचा कडसर, औषधी, थंड वास. त्या वासाबरोबर राहूचा वाफा आला, सासऱ्यांचा पांढऱ्या शेवंतीचा वाफा, विहिरीच्या अंगाला. पांढरी म्हणजे पांढरी, मंडईत पैजेनं विकली जाणारी. पण त्यातल्या एका झाडाला दरसाल एका बाजूनं पिवळी काडी फुटायची. बी नाही, कलम नाही, त्याच मुळावर, त्याच पाण्यावर, सगळं झाड पांढरं आणि एकच काडी पिवळी. सोपानराव ती मोडायला धावायचे: “एक काडी सगळा वाफा बाटवंल.” आणि सासू आडवी व्हायची, चेष्टेनं, गाण्यानं:

‘पांढऱ्या शेवंतीला पिवळी आली काडी,
मोडू नका धनी, तिचीबी हाय गोडी.’

आणि ते मोडायचे नाहीत. नवी सून म्हणून ललिता चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि तिला वाटायचं, या घरात जे वेगळं येईल त्यालाही जागा आहे. किती मूर्ख होते मी, आता तिला वाटलं. डॉक्टरणीला ती काडी दाखवायला हवी होती. बघा, हे असं असतं, एकाच मुळावर एक अक्षर चुकतं आणि अख्खी काडी दुसऱ्या रंगाची होते, आणि म्हाताऱ्या बाया तिची गाणी म्हणतात. मोडायला हवी होती. मुळापासून उपटायला हवी होती. तिनं मान फिरवून पहिल्यांदाच नीट सासूकडं पाहिलं. टरकलेला पदर, पदराबाहेर आलेला काळा खांदा, हनुवटीवरचं गोंदण घामात भिजलेलं. हिला मी आजपर्यंत कधी एकेरीत हाक मारली नाही. आज मारावी. आज या भरल्या गाडीत म्हणावं, धुरपदे, तू कुठं नेलीस माझी चार वर्षं? जीभ उचलली, पण तिला सवयच ‘तुम्ही’ची. शब्द दातांमागं अडकला, आणि गाडीचा वेग कमी झाला.

शिक्रापूरचा चौक. तळेगाव ढमढेऱ्याला जाणारी वाट इथून फुटते. जीपवाले ओरडत होते, “तळेगाव, तळेगाव, राहू, राहू, चला बसा, एकच सीट!” चार बायका उतरल्या, दोन चढल्या. म्हातारी खिडकीतून त्या जीपकडं बघत होती. ललिताला वाटलं, ही उतरणार आता, आणि तिनं नकळत पिशवीवर दोन्ही हात आवळले.

“हितं उतरले व्हते मी तवा,” म्हातारी म्हणाली.

ललितानं जीपकडं पाहिलं.

“पुन्याला गेलेच न्हाई. रोहिदासनं चिठ्ठी दिली व्हती दवाखान्याची, ती कनवटीलाच ऱ्हायली. गाडीत बाटली मांडीवर व्हती, आत ते हलत व्हतं. बाळावानी. मला बघवंना. ज्या अंगानं माझ्या नातीला पाजलं ते परक्या मुलखात कुनी चिरायचं, कुनी फेकायचं... हितं गाडी थांबली आन् पाय आपसूक खाली पडले. जीप धरली. दिस बुडायच्या आत राहूला.”

“आत्याबाई.”

“विहिरीकडंच्या वाफ्यात पुरली. हळदकुंकू वाहिलं, दूधभात ठिवला. तुझ्या मामंजींची करंगळी बघितली व्हती ना मी जलमभर. तुला ठनकू नये म्हून, पोरी. दुसरं मनात काय न्हवतं.”

“आणि रिपोर्ट? चांगला आला, ते कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुनी न्हाई. मला वाटलं, चांगलीच असंल. तुझ्या अंगातली व्हती.”

कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली. जीपवाला अजून ओरडत होता, एकच सीट. गाडी हलली, रुमालातली बाटली हलली, म्हातारीच्या मांडीवरचा पुडा हलला, आणि केळीचं पान सुटून ती वेणी अर्धी बाहेर आली, पांढरी, मधोमध ते पिवळं. ललिता त्या पिवळ्याकडं बघत राहिली. तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा आला.

“ही फुलं कुठली?”

“तिथलीच,” म्हातारी म्हणाली. “दरसाल तिथलीच. दुसऱ्या झाडाचं कवा तोडलं न्हाई. तुझं तुलाच आनून देत व्हते.”